कच्च्या भाज्यांचे पोटभरीचे सॅलड: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कच्च्या भाज्यांचे सॅलड हेच पूर्ण जेवण म्हणून खायचे ठरवणाऱ्या अनेकांचा उत्साह फार लवकर ओसरतो. दुपारी वाडगाभर काकडी, टोमॅटो आणि पाने खाल्ली जातात, पोट तट्ट फुगल्यासारखे वाटते, आणि दोन तासांत पुन्हा कडकडून भूक लागते. मग सॅलडने पोट भरत नाही, असा निष्कर्ष काढला जातो आणि विषय तिथेच संपतो. मी बराच काळ दिवसातले एक जेवण नियमाने अशा सॅलडचे घेत आलो आहे आणि त्या अनुभवावरून खात्रीने सांगतो, की सॅलड पोटभरीचे होते. मात्र ते तोंडी लावण्याच्या पदार्थासारखे न करता जेवणासारखे बांधावे लागते. त्यात कोणती वस्तू कशासाठी घालायची, ती किती घ्यायची आणि कोणत्या क्रमाने मिसळायची, हे एकदा नीट समजून घेतले, की रोजची तयारी सोपी होते.

लागणारे साहित्य आणि साधने

पुढील प्रमाण एका प्रौढ व्यक्तीच्या एका जेवणाचे आहे. सुरुवातीला वजन करून घ्यावे. हळूहळू नजरेला अंदाज येतो.

- पालेभाजी (लेट्यूस, कोवळा पालक किंवा तत्सम कच्ची खाता येणारी पाने): ६० ग्रॅम
- कोबी: १०० ग्रॅम
- गाजर: ८० ग्रॅम
- काकडी: १०० ग्रॅम
- टोमॅटो: ८० ग्रॅम
- शिजवलेले काबुली चणे, मसूर किंवा राजमा: १५० ग्रॅम
- उकडलेला बटाटा किंवा शिजवून गार केलेले एखादे धान्य: १०० ग्रॅम
- भाजलेले शेंगदाणे, अक्रोड, भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया: २५ ग्रॅम
- तेल: १ मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर
- लिंबाचा रस किंवा व्हिनेगर: अर्धा ते पाऊण मोठा चमचा
- मीठ: पाव लहान चमचा, मिरपूड आणि थोडी मोहरीची पेस्ट

साधनांमध्ये धारदार सुरी, न घसरणारी फळी, सोलाणे, किसणी, चाळणी, स्वच्छ सुती कापड आणि झाकणाची लहान बरणी एवढे पुरते. यांशिवाय एक गोष्ट मात्र मोठी हवी, आणि ती म्हणजे सॅलड कालवण्याचे भांडे. तयार सॅलडच्या दुप्पट तरी जागा त्या भांड्यात असावी. लहान वाडग्यात कालवताना पाने बाहेर सांडतात, त्या भीतीने हात आखडतो आणि तळाशी सगळे ड्रेसिंग (तेल, लिंबाचा रस आणि मीठ यांचे मिश्रण) साचून वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो.

१. पोट कशाने भरते, ते आधी समजून घ्या

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ कॅलरी मिळतात. टोमॅटोतून १८, कोबीतून २५ आणि गाजरातून सुमारे ४० कॅलरी मिळतात. म्हणजे वरच्या यादीतील सगळ्या कच्च्या भाज्या एकत्र केल्या, तर चारशे ग्रॅमहून अधिक वजन भरते, पण ऊर्जा मिळते ती शंभर कॅलरींच्या आसपास. भाज्यांचे प्रमाण दुप्पट केले तरी फरक फारसा पडत नाही. पोट ताणले जाते, चावून जबडा दुखतो आणि भूक मात्र ठरलेल्या वेळी परत येते.

उरलेले काम बाकीच्या चार वस्तू करतात. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या काबुली चण्यांतून सुमारे २४५ कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतून किंवा बियांतून आणखी १४० ते १५० कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने, एक मोठा चमचा तेलातून सुमारे १२० कॅलरी, आणि बटाट्यातून किंवा धान्यातून साधारण ९० ते १३० कॅलरी येतात. सगळी बेरीज सातशे कॅलरींच्या जवळ जाते आणि प्रथिने पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरतात. हे एका प्रौढ माणसाचे व्यवस्थित जेवण झाले. ज्यांना एवढ्या ऊर्जेची गरज नाही त्यांनी बटाटा किंवा धान्य कमी करावे. कडधान्य आणि तेल यांना सहसा हात लावू नये.

तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण वजन कमी करण्याच्या हेतूने सॅलडकडे वळलेले लोक पहिली काट तेलालाच लावतात. गाजरातील बीटा-कॅरोटिन, टोमॅटोतील लायकोपिन आणि पानांतील ‘के’ जीवनसत्त्व हे घटक स्निग्ध पदार्थांबरोबर पोटात गेले तरच शरीरात नीट शोषले जातात. तेलाचा थेंबही नसलेले सॅलड चवीला रूक्ष लागतेच, शिवाय ज्या गुणांसाठी आपण भाज्या खातो त्यांतील काही गुण तसेच वाया जातात. स्निग्ध पदार्थांमुळे अन्न जठरात जास्त वेळ राहते, हाही पोट भरलेले राहण्यातला एक भाग आहे.

२. भाज्या निवडताना पोताचा विचार करा

रंगीबेरंगी भाज्या घ्याव्यात हा सल्ला सगळेच देतात आणि तो योग्यही आहे. मात्र जेवण म्हणून खायच्या सॅलडमध्ये मी रंगापेक्षा पोताला अधिक महत्त्व देतो. एक भाजी करकरीत आणि टिकाऊ असावी (कोबी, गाजर, मुळा, सिमला मिरची), एक रसाळ असावी (काकडी, टोमॅटो) आणि एक मऊ पानांची असावी. या तीन प्रकारांतून एकेक-दोनदोन भाज्या घेतल्या, तर शेवटच्या घासापर्यंत कंटाळा येत नाही. आठ-दहा भाज्या एकत्र करण्याचा मोह टाळावा. चव कोणाचीच कळत नाही आणि चिरण्यात अर्धा तास जातो.

सगळेच कच्चे खाता येत नाही, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवले पाहिजे. बटाटा, फरसबी, राजमा, अळू आणि कसावा (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) हे पदार्थ शिजवूनच खायचे असतात. हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला बटाटा शिजवूनही वापरू नये, कारण त्यातील सोलॅनिन हे विषारी द्रव्य शिजवल्याने पुरेसे कमी होत नाही. काकडी किंवा दुधी भोपळा चिरल्यावर एक लहान तुकडा चाखून पाहावा आणि तो कडू लागला तर ती भाजी सरळ टाकून द्यावी. कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांनी उलट्या-जुलाबांचा गंभीर त्रास होऊ शकतो.

३. धुवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोरडे करा

आपण या भाज्या शिजवणार नसल्याने जंतू मारण्याची पायरीच या पाककृतीत नाही, म्हणून धुण्यात कसूर चालत नाही. भाज्या चिरण्यापूर्वी आणि सोलण्यापूर्वी वाहत्या पिण्यायोग्य पाण्याखाली धुवाव्यात. सालीवर माती असताना सुरी फिरवली, तर तीच माती आतल्या गरापर्यंत पोहोचते. साबण वापरू नये, कारण भाज्या तो शोषून घेऊ शकतात. गाजर, मुळा यांसारख्या कंदांना मऊ ब्रशने घासावे. पालेभाजी मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात बुडवून हलवावी आणि पाने हाताने वर उचलून घ्यावीत. पातेले चाळणीवर उपडे केले, तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर पडते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे आणि शेवटी पाने वाहत्या पाण्याखाली धरावीत. ज्या फळीवर कच्चे मांस किंवा मासे कापले जातात, ती फळी सॅलडसाठी वापरू नये.

मरगळलेली पाने टाकून देण्याची घाई करू नये. बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवली, की पेशींत पाणी परत शिरते आणि पाने पुन्हा ताठ होतात. सडलेली, चिकट झालेली किंवा वास येणारी पाने मात्र या उपायाने सुधारत नाहीत.

यानंतर येते ती कोरडे करण्याची पायरी, आणि बहुतेकांची सॅलडे इथेच बिघडतात. ओल्या पानावर तेलाचे ड्रेसिंग धरत नाही. ते घसरून तळाशी जाते, पाण्यात मिसळून पचपचीत होते आणि मग वरून आणखी मीठ घालावेसे वाटते. पाने चाळणीत निथळू द्यावीत, नंतर सुती कापडावर एकाच थरात पसरून वरून दुसऱ्या कापडाने हलके टिपावे. पानाला बोट लावल्यावर ओलावा लागला नाही, की काम झाले.

४. घास ध्यानात ठेवून चिरा

कच्ची भाजी शिजलेल्या भाजीपेक्षा कितीतरी अधिक चावावी लागते. चारशे ग्रॅम भाजी मोठ्या, जाड तुकड्यांत चिरली, तर पोट भरण्याआधी जबडा थकतो आणि वाडगा अर्धा उरतो. म्हणून जेवणाच्या सॅलडमध्ये चिरण्याची पद्धत ही सजावटीची बाब नाही.

कोबी शक्य तितका बारीक, दोऱ्यासारखा चिरावा. गाजर किसणीच्या मोठ्या भोकांवर किसावे किंवा सोलाण्याने त्याच्या पातळ पट्ट्या काढाव्यात. बोटाएवढे जाड तुकडे या सॅलडमध्ये नकोत. काकडी, टोमॅटो आणि सिमला मिरची यांचे तुकडे साधारण चण्याच्या आकाराचे करावेत, म्हणजे एकाच चमच्यात चणा, काकडी आणि टोमॅटो एकत्र येतात आणि प्रत्येक घासाला पूर्ण चव लागते. पाने एका घासात मावतील इतकी मोठी ठेवावीत. फार बारीक चिरलेली पाने कडांना काळी पडतात आणि ड्रेसिंग लागताच लगदा होतात.

कांदा घालायचा असेल, तर पातळ चिरून थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि निथळून घ्यावा. चिरताना पेशी फुटून जी तिखट द्रव्ये तयार होतात, ती बऱ्याच अंशी पाण्यात उतरतात आणि कांदा गोडसर, करकरीत लागतो. बीट आवडत असल्यास ते वेगळे किसून अगदी शेवटी वरून घालावे, नाही तर सगळे सॅलड एकाच रंगाचे होते. बीट खाल्ल्यानंतर काही जणांच्या लघवीला तांबूस रंग येतो. तो निरुपद्रवी असतो, हे आधीच माहीत असलेले बरे.

फळी घसरू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके ठेवावे आणि सुरीला धार असावी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती गाजरासारख्या कडक भाजीवरून निसटते.

५. मीठ लावून भाजी नरम करा

ही पायरी वाचायला किरकोळ वाटते, पण कच्च्या भाज्यांना जेवणाच्या योग्यतेचे जर कोणी करत असेल, तर ते मीठच करते. मीठ लावल्यावर पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, भाजीचा ताठरपणा कमी होतो, ती दिसायला कमी होते आणि चवही आतपर्यंत पोहोचते.

चिरलेल्या कोबीवर ठरवलेल्या मिठातील निम्मे मीठ घालून तो दोन्ही हातांनी मिनिटभर चुरावा आणि दहा मिनिटे तसाच ठेवावा. तो ओलसर, नरम आणि आकाराने बराच कमी झालेला दिसेल. केल या कोबीच्या जातीच्या पालेभाजीसारखी जाड पाने वापरत असाल, तर मधला दांडा काढून पानांना थोडे तेल आणि मीठ अशाच प्रकारे चोळावे; चोळल्याशिवाय ही पाने जेवणभर खाणे कठीण जाते. लेट्यूस किंवा कोवळ्या पालकाला मात्र मीठ चोळू नये, ती पाने काही मिनिटांत मान टाकतात.

काकडीच्या मधला बियांचा पाणचट भाग चमच्याने काढून टाकावा. सॅलड लगेच खायचे नसेल, तर तुकड्यांना चिमूटभर मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटे ठेवावे आणि टिपून घ्यावे. टोमॅटोलाही चिमूटभर मीठ लावावे, पण त्याचे सुटलेले पाणी फेकू नये. त्या पाण्यात टोमॅटोची बरीच चव असते आणि ते ड्रेसिंगमध्ये मिसळले, तर लिंबू थोडे कमी लागते.

येथे मापाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाव लहान चमचा मीठ साधारण दीड ग्रॅम भरते आणि एका जेवणासाठी ते पुरेसे आहे. म्हणून चिमटीने वेगवेगळ्या भाज्यांवर मीठ टाकताना सगळे मीठ आधी मोजून एका वाटीत काढून ठेवावे आणि त्यातूनच घ्यावे.

६. प्रथिनांची तयारी एक दिवस आधी करा

सॅलड आयत्या वेळी करायला घेतले, की कडधान्य भिजवलेले नसते आणि मग ते वगळले जाते. त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा कडधान्य शिजवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. दीडशे ग्रॅम शिजलेल्या चण्यांसाठी सुमारे ६५ ग्रॅम कोरडे चणे लागतात. ते आठ ते बारा तास भिजवावेत, पाणी बदलून मऊ होईपर्यंत शिजवावेत आणि निथळून फ्रिजमध्ये ठेवावेत. तीन-चार दिवस चांगले राहतात. डबाबंद चणे वापरल्यास पाण्याने धुऊन घ्यावेत, म्हणजे त्यांतले मीठ बरेच कमी होते.

राजम्याच्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते आणि अर्धवट शिजलेले थोडेसे दाणेही उलट्या आणि पोटदुखीला पुरेसे ठरतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळत किमान अर्धा तास, त्यापुढे मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो थेट शिजत ठेवू नये, कारण तेवढ्या तापमानाला हे द्रव्य नष्ट होत नाही.

मोड आलेली कडधान्ये सॅलडमध्ये कच्चीच घालण्याची पद्धत सर्रास दिसते. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओलावा लागतो, तोच साल्मोनेला आणि ई. कोलाय यांसारख्या जंतूंच्या वाढीलाही पोषक असतो आणि जंतू बियाण्यातच असल्यास वरवर धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या संसर्गाची मोठी साथ आली, त्यात ५० हून अधिक माणसे दगावली आणि तपासात तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी कच्चे मोड खाऊ नयेत. इतरांनीही ते चांगले वाफवून घ्यावेत, असे माझे मत आहे. वाफवल्याने सॅलडचे काहीच बिघडत नाही.

कडधान्य नको असेल त्या दिवशी दोन उकडलेली अंडी, शंभर ग्रॅम पनीर किंवा टोफू घेता येतो. दोन अंड्यांतून साधारण १२ ते १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. फक्त अंड्यांत, पनीरमध्ये आणि टोफूत पिष्टमय पदार्थ फार कमी असल्याने त्या दिवशी बटाटा किंवा धान्य वगळू नये.

शेंगदाणे आणि बिया कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजाव्यात आणि पूर्ण गार करून बरणीत भराव्यात.

७. ड्रेसिंग बरणीत बनवा

तेल आणि आंबट यांचे प्रचलित प्रमाण तीनास एक असे सांगितले जाते. ते निव्वळ पानांच्या सॅलडला ठीक आहे. चणे, बटाटा आणि कोबी असलेल्या सॅलडला अधिक आंबटपणा सोसतो, किंबहुना लागतो. म्हणून दोनास एक किंवा त्याहूनही थोडे अधिक आंबट घ्यावे.

क्रम महत्त्वाचा आहे. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे बरणीत आधी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, उरलेले मीठ आणि टोमॅटोचे पाणी घालून मीठ पूर्ण विरघळू द्यावे. मग अर्धा लहान चमचा मोहरीची पेस्ट, मिरपूड आणि शेवटी तेल घालून झाकण घट्ट लावून जोरात हलवावे. मोहरीमुळे तेल आणि रस काही वेळ एकजीव राहतात. मोहरी नसेल, तर एक चमचा तिळाची किंवा शेंगदाण्याची बिनगोडाची पेस्ट तेच काम करते आणि सॅलड अधिक पोटभरीचे होते. लिंबाचा फायदा चवीपुरता नाही. त्यातील ‘सी’ जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतील आणि पानांतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

ड्रेसिंगची चव चमच्यातून घेऊ नये, कारण नुसते ड्रेसिंग नेहमीच फार आंबट आणि खारट वाटते. कोबीचा किंवा पानाचा तुकडा त्यात बुडवून चाखावा.

लसूण आवडत असल्यास तो त्याच दिवशी ठेचून घालावा. कच्चा लसूण तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला साठवून ठेवणे धोकादायक आहे. हवा न पोहोचणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार करणारे जंतू वाढू शकतात, आणि त्या विषाचा वासावरून किंवा चवीवरून पत्ता लागत नाही. बाजारातील दाट, पांढऱ्या ड्रेसिंगबद्दल एवढेच सांगतो, की बाटलीवरील साखर, मीठ आणि एका वाढणीचे माप हे तिन्ही आकडे वाचूनच ती घ्यावी.

८. ठरावीक क्रमाने कालवा

मोठ्या भांड्यात आधी चणे आणि बटाटा घालावा आणि त्यांवर ड्रेसिंगचा निम्मा भाग ओतावा. हे दोन्ही पदार्थ कोमट असतील, तर ड्रेसिंग अधिक चांगले मुरते. थंड चण्यांवर ते बाहेरूनच राहते. पाच मिनिटांनी कोबी, गाजर, काकडी आणि टोमॅटो घालून कालवावे. कोबीला फार पाणी सुटले असेल, तर तो आधी हाताने पिळून घ्यावा. सर्वांत शेवटी, जेवायला बसण्याच्या क्षणी, पाने आणि उरलेले ड्रेसिंग घालून हातांनी खालून वर अलगद उलथावे. शेंगदाणे आणि बिया ताटात वाढल्यावर वरून पेराव्यात, म्हणजे त्यांचा कुरकुरीतपणा टिकतो.

यानंतर एक घास खाऊन पाहावा. सपक वाटले, तर लगेच मीठ न घालता आधी लिंबाचे चार थेंब घालावेत. बहुधा तेवढ्यानेच चव उठते. फ्रिजमधून काढलेले पदार्थ फार थंड असताना चव कमी जाणवते, म्हणून भाज्या कालवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवाव्यात.

जेवायला पुरेसा वेळ ठेवावा. एवढे सॅलड नीट चावून खायला वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात.

९. डबा भरायचा असेल तर

उंच बरणीत सर्वांत खाली ड्रेसिंग, त्यावर चणे आणि गाजर-कोबी, मग काकडी, बटाटा किंवा धान्य, आणि अगदी वर कोरडी पाने असे थर लावावेत. टोमॅटो वेगळे ठेवता आले तर उत्तम. जेवताना बरणी मोठ्या वाडग्यात उपडी करावी. चिरलेली भाजी, शिजलेले धान्य आणि अंडी असलेला डबा खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. फ्रिज उपलब्ध नसेल, तर बर्फाची पिशवी ठेवलेली उष्णतारोधक पिशवी वापरावी. शिजलेला भात वापरणाऱ्यांनी तो शिजल्यावर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, कारण बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत आणि भात उबदार राहिला, की त्यांना पुन्हा वाव मिळतो.

चिरलेला कोबी आणि गाजर बंद डब्यात तीन-चार दिवस टिकतात. धुऊन पूर्ण कोरडी केलेली पाने कापडात गुंडाळून ठेवल्यास तितकीच टिकतात. काकडी आणि टोमॅटो मात्र त्याच दिवशी चिरावेत.

१०. कोणी सावकाश किंवा विचारून सुरुवात करावी

आतापर्यंत तंतुमय पदार्थ कमी खाणाऱ्याने पहिल्याच दिवशी वरचे पूर्ण प्रमाण घेतले, तर गॅस आणि पोटफुगीचा त्रास होण्याची शक्यता मोठी असते. पहिले दोन आठवडे निम्मे प्रमाण नेहमीच्या जेवणाबरोबर घ्यावे, कडधान्य हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण पानांतील ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या परिणामाविरुद्ध काम करते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास पोटॅशियमचा, ऑक्झलेटचे मुतखडे होत असल्यास पालक आणि बीट यांचा प्रश्न येतो. अशा सर्वांनी रोजचे जेवण बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

११. तरीही लवकर भूक लागली तर

सॅलड खाल्ल्यावर चार तास निभावले नाहीत, तर काय कमी पडले हे बहुधा भुकेच्या स्वरूपावरून कळते. पोट रिकामे वाटत असेल, तर चणे किंवा अंडी कमी पडली आहेत. पुढच्या वेळी कडधान्य पन्नास ग्रॅमने वाढवावे. पोट जड आहे पण सतत काहीतरी गोड किंवा पिष्टमय खावेसे वाटते, तर बटाटा किंवा धान्य वगळले गेले असण्याची शक्यता आहे. जेवण संपूनही समाधान झाले नाही, तर तेल, बिया आणि आंबटपणा तपासावा. वाडगा अर्धा उरला आणि थोड्या वेळाने भूक लागली, तर प्रमाणाला हात न लावता चौथ्या आणि पाचव्या पायरीकडे परत जावे, म्हणजे कोबी आणखी बारीक चिरावा आणि मीठ लावून अधिक वेळ ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो दोन-तीन जेवणे तसाच ठेवून पाहावा, म्हणजे आपल्या पोटाला नेमका कशाने फरक पडला ते कळते.